पुंगी नव्हे, तरी पुंगी

विजेच्या वाद्यांना प्राण नसतो, असे ठासून सांगणारे गृहस्थ मैफलीत हटकून भेटतात. समोर गवयामागे विजेचाच तंबोरा वाजत असतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. अशांना मी 'नागिन' चित्रपटातील पुंगीविषयी विचारतो. तिच्यात मात्र प्राण आहे म्हणतात!

सिनेमावाले तिला 'बीन' म्हणतात; आम्हां दरबारी गवयांच्या घरांत बीन म्हणजे रुद्रवीणा, ते असो. १९५४ सालच्या त्या चित्रपटाला संगीत हेमंतकुमारांचे. पण सारा देश जिच्यावर डोलला, ती पुंगी नव्हतीच. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास काढलेले क्लॅव्हायोलिन नावाचे ते वाद्य. लहानशी पट्ट्यांची पेटी, एका वेळी एकच सूर. आवाज लहानमोठा करायचा तो गुडघ्याने दांडी ढकलून. भाता नाही, त्यामुळे गाल फुगवून वाजविणाऱ्या गारुड्याप्रमाणे सूर तुटत नाही. शिवाय सुराला कंप देण्याची सोय. ही जवळीक ज्याने हेरली आणि बोटांत उतरवली, ते कल्याणजी वीरजी शाह. हे काम यंत्राचे नव्हे, कानाचे.

पट्टीच्या वाद्यात मींड निघत नाही, हा आक्षेप खरा. पण तो विजेच्या माथी का? पेटीतूनही ती निघत नाही. असल्याच कारणांवरून १९४० साली रेडिओने पेटीला दाराबाहेर काढले होते. आज तिच्यावाचून आमच्या ख्यालाचे पान हलत नाही. उलट १९८२ साली चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर दहा राग वाजवून तबकडी काढली, तीत सूर एकावरून दुसऱ्यावर घसरत जातो. त्या ठेक्याच्या धबडग्यात राग कितपत उरला, यावर अवश्य भांडावे. मीही भांडेन. मात्र भांडण्यासाठी आधी ऐकावी लागते, आणि इथे ती फारशी कोणी ऐकलीच नाही. २०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा तिकडच्यांनी डोक्यावर घेतली.

हे सिंग मुंबईच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षे वाजवीत आलेले वादक. कल्याणजी पुढे संगीतकार झाले, म्हणून 'नागिन'चा हात कोणाचा ते आपणांस ठाऊक. तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव. वादकाचे बहुधा नाहीच. मग ऐकणाऱ्याने यंत्रच वाजले असे समजावे, यात नवल ते काय! जुन्या वादकांपैकी जे हयात आहेत, त्यांना विचारून कोणत्या गाण्यात कोणी काय वाजविले याची नोंद कोणी तरी आता करून ठेवावी.