सोयाबीनवरची अळी मोजता, मग गावचे लॉगिन कोण मोजणार?

आज पिकाविषयी नाही, पण पिकाच्या पैशाविषयी लिहितो आहे.

शिरपूर जैन परिसरातल्या एका गावात सोयाबीनची शेतीशाळा होती. वीस-बावीस जण जमले होते. चक्री भुंगा, खोडमाशी, उंटअळी असे बोलणे चालले होते. एरवी सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारा एक शेतकरी त्या दिवशी मागे गप्प बसून होता. शाळा उठल्यावर तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, खात्यातले पैसे कटले. फवारणी-निंदणाचे ठेवले होते. कोणाले सांगू नका, लोक हसतीन."

झाले होते असे. त्याच्या साडूच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान यादी' नावाची एक फाइल आली. साडूनेच पाठवली म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची? त्याने ती दाबली. फोनने दोन-तीन परवानग्या मागितल्या, त्याने हो म्हटले. त्यातली एक परवानगी मेसेज वाचण्याची होती. मग बँकेचा ओटीपी त्याच्याआधी चोराला दिसू लागला आणि दोन दिवसांत खाते रिकामे झाले. साडूला तर आपण काही पाठवल्याचा पत्ताच नव्हता. फाइलच त्याच्या फोनमधून सगळ्या ओळखीच्यांना जात होती.

पण माझ्या मनाला लागली ती पुढची गोष्ट. आमचा हा शेतकरी लाजेने आठ दिवस गप्प राहिला. त्या आठ दिवसांत तीच फाइल त्याच्या फोनमधून गावभर गेली. शेतीशाळेत बसलेल्यांपैकी तिघांना ती त्याच्याच नावाने आली आणि एकाने उघडलीही. पहिल्याच दिवशी हा पारावर येऊन बोलला असता, तर दुसऱ्याचे पैसे वाचले असते. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' म्हणतात, पण पुढच्याने ठेच लागल्याचे सांगितले तरच मागचा शहाणा होणार ना?

आता अळीचा विचार करा. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला होता. जुन्या शेतकऱ्यांना ते चांगले आठवत असेल. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी जायचे, ओळीच्या एका मीटरमध्ये अळ्या किती ते मोजायचे, नोंद वर पाठवायची आणि नुकसानीची पातळी ओलांडण्याआधी गावाला सावध करायचे. त्यामागचा विचार साधा आहे. अळी धुरा ओळखत नाही. शेजाऱ्याच्या वावरात अळी आहे हे मला आज कळले, तर माझे पीक उद्या वाचते. आणि माझ्या शेतात अळी पडली हे सांगायला कोणी लाजत नाही.

मोबाइलमधली चोरी ही अगदी अशीच कीड आहे. तिची लाज धरून ती जात नाही, पसरते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, पिकावरच्या किडीसाठी जशी आपण गावात बैठक घेतो, तशी लॉगिन, पासवर्ड आणि ॲपच्या सुरक्षिततेसाठीही गावाची बैठक झाली पाहिजे. सावध राहा, ओटीपी देऊ नका, असे एकेकट्याला सांगून भागत नाही. ते तर फोन लावला की रेकॉर्डिंगवरही ऐकून झाले.

काही जण म्हणतील, हे शहरातल्या बँकवाल्यांचे दुखणे, आपल्या खेड्याला काय त्याचे? तर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याकडे पाहा. आर्णी तालुक्यातले शेंदुरसनी हे साधारण दीड हजार वस्तीचे गाव. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. नोंदणीसाठी दिलेल्या लॉगिनचा बाहेरून वापर झाल्याचे समोर येऊन गुन्हा दाखल झाला, चौकशी पथक नेमले गेले. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंचवीस-तीस बाळे जन्मतात. हिशोब करा, हजार वर्षांची बाळंतपणे तीन महिन्यांत नोंदली गेली! गुन्हेगार कोण ते तपास यंत्रणा व न्यायालय ठरवील. आपण घ्यायचा धडा वेगळा आहे. ग्रामपंचायतीचे लॉगिन ही गावाची किल्ली आहे. ती कोणाच्या हातात आहे आणि तिने काय काय उघडले जाते, हे गावाने अधूनमधून विचारले पाहिजे.

दुसरे उदाहरण जालना जिल्ह्याचे. अतिवृष्टी व गारपिटीच्या अनुदान वाटपातला गैरव्यवहार तिथे २०२५ मध्ये बाहेर आला. अधिकाऱ्यांचे लॉगिन वापरून याद्यांत बोगस नावे घातल्याचे आरोप झाले आणि अनेक तलाठी निलंबित झाले. एक रुपयातला पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ मध्ये बंद झाला. त्या काळातही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, सरकारी आणि देवस्थानच्या जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणे निघाली. अर्ज ऑनलाइन होता, पण सातबारा खरोखर कोणाचा, हे गावात विचारणारे कोणी नव्हते. कुंपणच शेत खाते म्हणतात ते खरे, पण कुंपणाकडे फेरी मारणारा धनी नसेल तर दोष एकट्या कुंपणाला कसा द्यायचा?

ज्यांना आपण मोठे संगणकतज्ज्ञ म्हणतो, ते लोकही एकेकटे बसून हे काम करीत नाहीत. २००१ साली अमेरिकेत ओवॅस्प नावाची एक संस्था सुरू झाली. संकेतस्थळे आणि संगणकीय प्रणाली सुरक्षित कशा करायच्या, हा तिचा विषय. तिच्या शाखा गावोगावच्या मंडळांसारख्या जगभर आहेत, आपल्याकडे पुण्या-मुंबईतही तिच्या बैठका होत आल्या आहेत. 'नल' नावाचा आपल्या देशातला गटही अशाच बैठका भरवतो. या बैठकांना फी नसते आणि सभासद नसला तरी कोणीही जाऊन बसू शकतो. कोणत्या प्रणालीत कुठे भगदाड सापडले, ते कसे बुजवले, हे एक जण सांगतो, बाकीचे प्रश्न विचारतात. आपला माल विकायला तिथे उभे राहायचे नाही, असा दंडक आहे. आपल्या शेतीशाळेत औषध कंपनीच्या एजंटाला आपण भाषण करू देत नाही, तसेच हे.

ही संस्था सर्वांत धोकादायक अशा दहा दोषांची यादी वेळोवेळी काढते. २०१७ च्या यादीत पाचव्या क्रमांकावर असलेला एक दोष २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर आला आणि २०२५ च्या यादीतही तिथेच राहिला. तो दोष आपल्या भाषेत सांगायचा तर असा, ज्याला जेवढा अधिकार नाही, त्याला तेवढे करता येणे. शिपायाला साहेबाचे कपाट उघडता येणे, एका खातेदाराला दुसऱ्याचा कागद पाहता येणे. म्हणजे जगभरच्या तज्ज्ञांनी मोठमोठ्या कंपन्यांसाठी जो दोष पहिला मांडला, तोच आपल्या ग्रामपंचायतीच्या टेबलावर बसलेला आहे.

इथे मला माझ्याकडेही बोट करावे लागेल. एका हंगामात एका योजनेच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. दिवसा सर्व्हर चालत नव्हता, रात्री दोननंतर साइट उघडायची. मी माझे लॉगिन एका केंद्रचालकाला देऊन टाकले आणि झोपलो. काम झाले, वाईट काही घडले नाही. पण पुढे चार महिने तो पासवर्ड मी बदललाच नाही, आणि त्या काळात माझ्या नावाने कोणी काय केले हे मला शपथेवर सांगता येणार नाही. हे लिहितो आहे ते यासाठी की, किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते ती दर वेळी लबाडीनेच जाते असे नाही. घाईने जाते, रेंज नसल्याने जाते, 'तूच भरून टाक रे बाप्पा' म्हणून जाते. म्हणून वरिष्ठांनाही विनंती आहे. मुदत आणि सर्व्हर यांचा मेळ बसवा. ताण असा द्याल की लॉगिन वाटल्याशिवाय कामच होणार नाही, तर कितीही परिपत्रके काढा, लॉगिन वाटले जाणारच.

आता बैठक घ्यायची म्हणजे काय करायचे? चार कामे सुचवतो.

पहिले काम, ठेच सांगणे. महिनाभरात गावात कोणाला कसला संदेश आला, कोण फसले, हे मोकळेपणाने सांगावे. नाव सांगायचे नसेल तर दुसऱ्याने सांगावे. पीएम किसानच्या फाइलींनी कसे फसवले ते वर आलेच. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी बनावट संकेतस्थळे निघाली होती. म्हणून ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय जरूर घ्यावा. व्हॉट्सॲपवरून आलेले ॲप कोणाच्याही नावाने येवो, फोनमध्ये घालायचे नाही, हा गावाचा नियम व्हावा.

दुसरे काम, किल्ल्यांची यादी. गावाच्या नावाने कोणकोणती लॉगिन आहेत? जन्म-मृत्यू नोंदणीचे, घरकुलाचे, रोजगार हमीचे, ई-ग्रामस्वराजचे. पासवर्ड वाचून दाखवायचा नाही, तो गुप्तच राहिला पाहिजे. फक्त एवढे लिहायचे की प्रत्येक लॉगिन कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो. बदलून गेलेल्या ग्रामसेवकाच्या किंवा काम सोडलेल्या संगणक परिचालकाच्या नंबरवर तो अजून जात असेल, तर त्याच आठवड्यात बदलून घ्यावा. आणि सरपंच भाऊ-ताई, तुमची डिजिटल सही कुठे आहे? ती दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कायमची पडून असेल, तर कोऱ्या चेकवर सही करून दिल्यासारखेच ते आहे.

तिसरे काम, आकडे वाचणे. या महिन्यात आपल्या गावाच्या नावावर जन्मनोंदी किती, विम्याचे अर्ज किती, अनुदानाच्या यादीत नावे किती? आकडा मोठ्याने वाचला की गावच सांगते, 'इतके कसे काय?' संगणकाला गावातली माणसे माहीत नसतात, पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला माहीत असतात.

चौथे काम, पहिल्या तासाची तयारी. पैसे गेले की १९३० हा क्रमांक लावायचा, दुसऱ्याच्या फोनवरून का होईना. मग बँकेला कळवायचे, आपल्या फोनचे इंटरनेट बंद करायचे आणि गावाच्या ग्रुपवर दुसऱ्याकडून इशारा टाकून घ्यायचा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची आशा जास्त. रिझर्व्ह बँकेनेही ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे ठरवून दिले होते की, चूक ग्राहकाची असली तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. १९३० हा आकडा पंचायतीच्या, सोसायटीच्या आणि कृषी केंद्राच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

ग्रामसभेला माणसे येत नाहीत, आली तरी घरकुलाची यादी वाचून झाली की उठून जातात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून वेगळी सभा बोलवायची गरज नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतातच. त्या विषयपत्रिकेवर ही एक ओळ वाढवा. मे महिन्यात घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासायला आपण गोणपाट घेऊन बसतो, तेव्हा अर्धा तास यासाठी ठेवा. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला लांबून माणसे शिरपूरला येतात, आजूबाजूच्या खेड्यांचा राबताही इथेच असतो. शिरपुरात सुरुवात झाली, तर बातमी मालेगाव तालुक्यात पोचायला वेळ लागणार नाही. शाळेचे शिक्षक, बँकेचे कर्मचारी, पोलीस ठाण्यातले कोणी, कॉलेजात संगणक शिकणारी गावातलीच पोरे, एवढी माणसे पुरेत. बाहेरचा पाहुणा आणि हारतुरे नकोत.

पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार, नमो शेतकरीचे सहा हजार, विमा, अनुदान, सगळे आता थेट खात्यात येते. २०२१ पासून पिकाची पाहणीही मोबाइलवर आहे, आणि २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. हे चांगलेच झाले, मधला दलाल गेला. पण आता घराचे दार मोबाइलमध्ये आहे आणि गावाचे दार ग्रामपंचायतीच्या संगणकात. दाराला कडी आहे का, हे सगळ्यांनी मिळून पाहायचे.

तो मागे बसलेला शेतकरी आता काय करतो, ते सांगून थांबतो. पुढच्या शेतीशाळेत उंटअळीचा विषय संपला तेव्हा तो आपणहून उभा राहिला. म्हणाला, "राजेहो, माह्या नंबरवरून जे आलं ते उघडू नका, मी फसलो." कोणी हसले नाही. दोघांनी खिशातून फोन काढले आणि ती फाइल तिथेच पुसून टाकली.