पांचशें रुपयांची पावती

माझ्या पत्नीच्या वर्षश्राद्धास गेल्या महिन्यांत पुण्याहून चिरंजीव व सूनबाई पांचगणीस आलीं होतीं. जेवणें आटोपल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, आईच्या नांवानें शाळेला कांहीं द्यावें असें मनांत आहे. ५,००० रुपये काढून ठेवले आहेत. भिंतीवरचें मोठें घड्याळ दिलें तर कसें? खालीं आईचें नांव घालतां येईल."

मीं म्हटलें, "घड्याळ शाळेंत आहे. त्यापेक्षां एखाद्या शिक्षकाच्या मनांत वर्गासाठीं कांहीं नवें करून पाहावयाचें असेल, तर त्या कामीं हे पैसे द्या." त्यावर सूनबाईंनीं विचारलें, "पण शिक्षकांना पगार मिळतो ना?"

हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळ घरांत निघेल. म्हणून त्याचें उत्तर या पानावर देत आहें.

पगार मिळतो हें खरें. परंतु तो शिक्षकाच्या संसाराचा. वर्गांतला नवा प्रयोग त्यांतूनच व्हावा, असें म्हणणें म्हणजे पुजाऱ्यानेंच देवाचें तेल आपल्या घरून आणावें, असें म्हणण्यासारखें आहे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्साची कथा वाचकांस ठाऊक असेलच. गुरु वरतंतूसाठीं चौदा कोटि सुवर्ण मागावयास तो रघूकडे आला, तेव्हां यज्ञांत सर्वस्व देऊन राजा रिता झालेला होता. पुढें कुबेराकडून सोनें आलें. राजा म्हणे, सगळें घे. कौत्स म्हणे, गुरूच्या दक्षिणेहून अधिक मला नको. देणारा मोजून देत नाहीं आणि घेणारा अधिक घेत नाहीं, अशी ती जोडी.

दक्षिणेचें रूप काळानुसार बदलत आलें आहे. पेशवाईंतील श्रावणमासाची दक्षिणा इंग्रजी अमलांतहि कांहीं काळ चालू राहिली. १८४९ सालीं पुण्यांतील सुधारक मंडळींनीं अर्ज केला कीं, त्या पैशाचा कांहीं भाग मराठींत चांगलीं पुस्तकें लिहिणारांस द्यावा. त्यावर शहरांत मोठी खळबळ उडाली. परंतु अखेर दक्षिणा प्राइझ फंड उभा राहिला आणि पंक्तींतील पाटाकडे जाणारा पैसा केलेल्या कामाकडे वळला.

आपल्या सरकारी शाळांपुरतें पाहूं. १९८७ सालीं खडू-फळा योजना आली. तिच्यांतून शाळांना साहित्याच्या पेट्या मिळाल्या. आमच्या शाळेंतील पेटी मात्र बरेच दिवस कुलुपांतच होती. कारण मोडतोड झाल्यास भरून कोण देणार, ही धास्ती! पुढें २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान सुरू झालें. त्यांत प्रत्येक शिक्षकास वर्षास ५०० रुपये स्वतःच्या कल्पनेनें शैक्षणिक साहित्य तयार करण्यासाठीं मिळूं लागले. रक्कम लहान खरी, पण "तुला काय करावेंसें वाटतें?" असा प्रश्न सरकारनें साध्या गांवच्या शिक्षकास विचारल्यासारखें तें होतें. त्या प्रश्नाचें मीं काय केलें, तें आतां सांगतों.

२००६ च्या पावसाळ्यांत मी येथून जवळच्या एका लहान शाळेंत मुख्याध्यापक होतों. आमच्याकडे एक नव्या शिक्षिका आल्या होत्या. महाबळेश्वरास दरसाल ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईकडे जावें तों तो झपाट्यानें कमी होत जातो. हें भूगोलाच्या पुस्तकांत वाचण्याऐवजीं मुलांनींच मोजावें, असें बाईंच्या मनानें घेतलें. त्यांनीं भंगारवाल्याकडून सरळ बाजूंच्या बाटल्या घेतल्या, वरचा भाग कापून उलटा बसविला कीं नरसाळें तयार. बाजारांतून पट्ट्या आणि वह्या आणल्या. एक संच घाटाखालच्या शाळेंत, एक महाबळेश्वराच्या बाजूस आणि एक आमच्या अंगणांत. रोज सकाळीं मुलें आंकडा लिहून घेत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें, हें समजल्यावर चौथीच्या मुलांनीं शाळेच्या छपरावरून किती घागरी पाणी वाहून जातें, याचा हिशेब मांडला! मोजमापाचें गणित एरवीं ज्यांच्या गळीं उतरत नसे, अशीं मुलें त्यांत पुढें होतीं.

मार्चमध्यें हिशेब पुरे करावयाची वेळ आली. मीं विचारलें, "बाई, पावत्या?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, भंगारवाला पावती कशी देणार?" मला तपासणीची भीति वाटली. मीं सही केली नाहीं. बाईंनीं एक शब्दहि न बोलतां तो खर्च स्वतःच्या पदरचा धरला. माझे स्वतःचे ५०० रुपये मात्र मीं छापील तक्त्यांवर खर्च केले होते. त्यांची पावती पक्की होती. ते तक्ते कपाटावर गुंडाळलेले राहिले आणि पुढें त्यांना वाळवी लागली.

दुसऱ्या वर्षीं बाईंनींहि छापील तक्ते आणले व पावती माझ्या टेबलावर ठेवली. अंगणांत बाटली दिसली नाहीं. मीं त्यांना नियम शिकविला होता, आणि त्या शिकल्या. माझ्या नोकरींतील पुष्कळ गोष्टी मी विसरलों आहें. ती पावती विसरतां येत नाहीं.

विश्वास ठेवल्यानें काय होतें, याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. आपल्याच सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनीं फरशीवर आंखलेल्या आकृत्या, खडे, बिया, काड्या अशा साध्या साहित्यावर वर्ग उभे केले. तें पाहावयास राज्यांतून शिक्षक आले, आणि २०१५ सालीं शासनाच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमास त्यापासून प्रेरणा मिळाली. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेत छापून त्यांतून कविता व धडे मुलांस ऐकविले, दाखविले. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांना दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झालें. त्यांनीं त्याच वेळीं त्यांतील अर्धी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. कौत्साचा वंश अजून खुंटलेला नाहीं! परंतु पारितोषिक काम सिद्ध झाल्यावर येतें. पहिली बाटली कापतांना शिक्षकाजवळ कोणी नसतें. मदतीची खरी गरज तेव्हांच असते.

अमेरिकेंत न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेंतील इतिहासशिक्षक चार्ल्स बेस्ट यांनीं २००० सालीं हें ओळखून 'डोनर्सचूज' ही संस्था काढली. शिक्षक आपली योजना व लागणारें साहित्य कळवितो, लोक थोडे थोडे पैसे देतात आणि साहित्य शाळेस पोंचतें. आपल्याकडे २०१८ पासून समग्र शिक्षेंत शाळेस पटाप्रमाणें एकत्रित अनुदान मिळतें. ३० पर्यंत मुलें असलेल्या शाळेस वर्षास १०,००० रुपये, १०० पर्यंत असल्यास २५,००० असें त्याचें मान आहे. दुरुस्ती, वीज, स्वच्छता व किरकोळ सामान इतक्यांतून उरून शिक्षकाच्या कल्पनेस काय मिळणार, हें गृहिणींस सांगावयास नको.

म्हणून माझी विनंति आहे. मुंज, साठी, वर्षश्राद्ध अशा निमित्तानें शाळेस कांहीं देणार असाल, तर ढाल किंवा घड्याळ देण्याआधीं मुख्याध्यापकांस भेटा. कोणा शिक्षकाच्या मनांत कांहीं आहे का, तें विचारा. एका पानावर ती योजना लिहून घ्या. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या विद्यमानें द्या, म्हणजे शिक्षकावर बालंट येणार नाहीं. वर्षाअखेर फलकाची अपेक्षा धरूं नका; काय साधलें आणि काय फसलें, एवढेंच ऐका. फसलेल्या प्रयोगाचे पैसे वायां गेले असें मानूं नका.

चिरंजीवांस हें पटलें. त्या बाई आतां जवळच्याच एका शाळेंत मुख्याध्यापिका आहेत. ५,००० रुपये घेऊन मीच त्यांच्याकडे गेलों आणि पावसाच्या बाटल्यांची आठवण काढली. कांहीं वेळ त्या बोलल्या नाहींत. मग कपाटांतून त्यांनीं एक जुनी वही काढली. २००६ च्या पावसाचे आंकडे मुलांच्या अक्षरांत तिच्यांत होते. "गुरुजी, ही ठेवली होती," त्या म्हणाल्या. नंतर हसून विचारलें, "पण या वेळीं भंगारवाल्याची पावती कोण लिहिणार?"

मीं म्हटलें, "बाई, ती मी लिहीन. खालीं सहीहि माझीच."