बाँड उशिरा येतो तेव्हा

हेरकथांच्या मालिकांवर वाचकांनी पाठवलेली पत्रे या अंकात आहेत. ‘नायक आता पहिल्यासारखा राहिला नाही’, ही तक्रार त्यांत वारंवार येते. ती वाचताना इयान फ्लेमिंग यांची आठवण झाली.

१९५३ च्या ‘कसिनो रोयाल’पासून ते दरवर्षी बाँडचे एक पुस्तक देत होते. १९६२ मध्ये ‘द स्पाय हू लव्हड मी’ आले आणि वाचक बिथरले. निवेदन व्हिव्हियन मिशेल या तरुणीचे, बाँड येतो तो शेवटच्या तिसऱ्या भागात! समीक्षकांनी झोडपले. फ्लेमिंग इतके खचले की हयातीत त्यांनी ब्रिटनमध्ये त्याची स्वस्त आवृत्ती निघू दिली नाही. चित्रपटवाल्यांना फक्त नाव वापरू दिले, कथा नाही.

माझ्या मते ते पुस्तक कच्चे आहे, व्हिव्हियनच्या तोंडची काही विधाने तर आज वाचवत नाहीत. पण निर्जन मोटेलमध्ये दोन गुंडांच्या तावडीत सापडलेल्या मुलीची भीती खरी उतरली आहे. बाहेरून बाँड कसा दिसतो, हे इतक्या जवळून त्या मालिकेत दुसरीकडे कुठे कळते? त्या धाडसाला वाचकांनी आणखी थोडी सवड द्यायला हवी होती.