ठोका वेगळा, काम वेगळें

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे पुष्कळ घरांत मुलामुलींकरितां संगणक विकत घेण्याचा विचार सुरू होतो, आणि हजारों रुपयांचा तो व्यवहार बहुधा एकाच आंकड्यावर ठरतो. ‘प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा?’ असें वडील विचारतात, दुकानदार आंकडा सांगतो, आणि मोठा तो चांगला असें मानून पैसे मोजले जातात. हा आंकडा खोटा नसतो. परंतु तो ज्या प्रश्नाचें उत्तर असतो तो प्रश्न आपला नसतो. हें आमच्या वाचकांस आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याच्या अंतरंगांत एक ठोका अखंड पडत असतो व प्रत्येक ठोक्यास काम एकेक पाऊल पुढें सरकतें. एका सेकंदांत शंभर कोटी ठोके पडले म्हणजे त्यास १ गिगाहर्ट्झ म्हणतात. आतां तबला ऐकणाऱ्या कोणासही ठाऊक आहे कीं, लय तीच राखूनही वादक एका मात्रेंत एक बोल वाजवितो किंवा चार वाजवितो. लय कळली एवढ्यावरून बोल किती वाजले हें कळत नाहीं. प्रोसेसराचेंही तसेंच. एकंदर काम म्हणजे ठोक्यांची संख्या गुणिले दर ठोक्यास होणारें काम. ह्या गुणाकारांतील पहिलेंच पद तेवढें जाहिरातींत छापलें जातें.

ह्याचें उत्तम उदाहरण इंटेल व एएमडी ह्या दोन अमेरिकन कंपन्यांच्या स्पर्धेंत सांपडतें. सन २००० च्या मार्चांत दोघींनींही दोन दिवसांच्या अंतरानें १ गिगाहर्ट्झचा टप्पा गांठला. त्यांत एएमडीचा ‘अ‍ॅथलॉन’ पुढें होता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत इंटेलनें ‘पेंटियम ४’ आणून ठोका एकदम १.५ गिगाहर्ट्झवर नेला. हें साधलें कसें, तें पाहण्यासारखें आहे.

लग्नघरीं पुरणपोळ्या होत असतांना एक बाई कणीक तिंबते, दुसरी उंडे भरते, तिसरी लाटते, चौथी भाजते. हेंच काम दहांऐवजीं वीस जणींत वांटलें, तर प्रत्येकीचा वांटा लहान होऊन हात झरझर चालतात. इंटेलनें तेंच केलें. ‘पेंटियम ३’ मध्यें कामाचे दहा टप्पे होते, ते ‘पेंटियम ४’ मध्यें वीस केले. ठोका जलद झाला. पण एक अडचण उद्भवली. पुढें कोणतें काम येणार ह्याचें प्रोसेसर अनुमान करतो व त्या अनुमानावर रांग भरून ठेवितो. अनुमान चुकलें, म्हणजे ‘पोळ्या नकोत, पुऱ्या करा’ असा निरोप आला, कीं रांगेंतील सारें अर्धवट काम टाकून द्यावें लागतें; आणि रांग जितकी लांब तितकी नासाडी अधिक. ह्यामुळें १.५ गिगाहर्ट्झचा ‘पेंटियम ४’ नित्याच्या कित्येक कामांत १.२ गिगाहर्ट्झच्या ‘अ‍ॅथलॉन’च्या मागें पडला. जेथें काम एकसुरी, त्या कांहीं खेळांत व चित्रफितींच्या रूपांतरांत, तो सरसही ठरला, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे.

दुसरी गोष्ट कोठीची. स्वयंपाकीण कितीही चपळ असली तरी प्रत्येक चिमूटभर मिठासाठीं माडीवरील कोठीपर्यंत जावें लागल्यास तिची चपळाई व्यर्थ होय. म्हणून प्रोसेसराच्या पोटांतच एक लहान साठा असतो. त्यास ‘कॅश’ म्हणतात. ती केवढी आहे, आणि मुख्य स्मृतीपर्यंतची वाट किती जवळची, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें. सन २००३ मधील ‘अ‍ॅथलॉन ६४’ ह्यांत एएमडीनें स्मृतीचा कारभार पाहणारी यंत्रणाच प्रोसेसराच्या आंत आणून बसविली.

तिसरी गोष्ट उष्णतेची. सन २००४ मध्यें इंटेलनें टप्पे ३१ वर नेले, परंतु ३.८ गिगाहर्ट्झच्या पुढें मजल जाईना, आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत त्याच वर्षीं सोडावा लागला. मग २००६ च्या जुलैंत इंटेलनें ‘कोअर २ ड्युओ’ आणला. त्यांतील एक २.४ गिगाहर्ट्झचा होता. ठोका इतका उतरूनही त्यानें आपल्या वडील भावास सहज मागें टाकलें, आणि ११५ वॅटच्या जागीं ६५ वॅटांत भागविलें. स्वतःच्याच आंकड्याचें ह्याहून स्पष्ट खंडन कोणतें असावें!

ह्या कथेंत पुण्याचाही एक धागा आहे. मूळच्या ‘पेंटियम’च्या (१९९३) उभारणींत प्रमुख असलेले श्री. विनोद धाम ह्यांचा जन्म १९५० सालीं पुण्यास झाला; पुढें इंटेल सोडून ते ज्या नेक्सजेन कंपनींत गेले ती एएमडीनें घेतली, आणि तिच्या ‘के-६’ प्रोसेसरासही त्यांचा हात लागला.

आंकड्याचा मोह एएमडीसही सुटला नाहीं. सन २००१ मध्यें तिनें १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरास ‘१८००+’ असें नांव दिलें. तिची तक्रार रास्त होती. परंतु विद्यार्थ्यानें आपली उत्तरपत्रिका आपणच तपासून गुण मांडावे, त्यांतला हा प्रकार. आम्हीं उभी हयात उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविली. परीक्षक त्रयस्थ हवा, आणि प्रश्नपत्रिका पुढें करावयाच्या कामाशीं जुळती हवी, असें आमचें मत आहे.

तेव्हां खरेदीपूर्वीं ह्या गोष्टी पाहाव्या. काम कोणतें, हें आधीं ठरवावें. लेखन-वाचनास जें पुरतें तें चित्रफितींच्या संपादनास पुरेलच असें नाहीं. त्या कामाच्या त्रयस्थांनीं घेतलेल्या दोन-तीन चांचण्या ताडून पाहाव्या. नांवांतील मोठ्या अंकास भुलूं नये. जुन्या पिढींतील ‘आय-सेव्हन’हून नव्या पिढींतील ‘आय-फाइव्ह’ पुष्कळदां सरस असतो. पातळ अंगाच्या लॅपटॉपांत तोच प्रोसेसर तापून मंद होतो, हेंही ध्यानांत असावें. गिगाहर्ट्झची तुलना करावयाचीच तर एकाच कुळांतील, एकाच पिढींतील दोघांची करावी. तेथें ती बहुतांशीं खरी ठरते. ह्याप्रमाणें पाहून जे पैसे वांचतील ते अधिक स्मृतीवर व चांगल्या पडद्यावर खर्चावे. मुलांच्या डोळ्यांस व अभ्यासास त्यांचा लाभ रोज होईल.