गोवर झालाय? लपवू नका, कळवा

"डॉक्टर, गोवर आमच्या वेळी सगळ्यांनाच यायचा. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला की आठ दिवसांत उतरायचा." दवाखान्यात हे वाक्य मी नेहमी ऐकतो. ज्यांचा उतरला तेच हे सांगायला उरले, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत गोवंडीच्या वस्तीत लहान मुलं दगावली, तेव्हा कुठे गोवराची साथ सगळ्यांच्या नजरेत आली. मग घरोघरी पाहणी सुरू झाली. आरोग्यसेविका दारात एकच प्रश्न विचारतात : घरात कुणाला ताप आणि अंगावर पुरळ आहे का? बऱ्याच घरांतून उत्तर मिळतं, "नाही." आत मूल चादरीखाली झोपलेलं असतं.

हे "नाही" फार महाग पडतं. गोवराचं मूल पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून आजार पसरवत असतं आणि पुरळ आल्यावर आणखी चार दिवस. म्हणजे तुम्हाला कळतं तोवर शेजारच्या खोलीतलं तान्हं बाळ संपर्कात येऊन गेलेलं असतं. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस मिळाली, तर त्यातली काही मुलं वाचवता येतात. तुम्ही लपवलंत की हे तास गेले. शिवाय तुमच्याच मुलाला लागोपाठ दोन दिवस द्यायचं 'अ' जीवनसत्त्व राहून जातं. न्यूमोनिया आणि डोळ्यांच्या त्रासाचा धोका त्याने कमी होतो.

नेहमीचे डोस दोन : नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि सोळा ते चोवीस महिन्यांत. साथीत जादा डोस सांगितला तर "परत कशाला टोचता?" म्हणून भांडू नका. जादा डोसाने अपाय होत नाही.

दोष फक्त आईबापांना देणं मला पटत नाही. कोविडच्या दोन वर्षांत कित्येक मुलांचे डोस हुकले. लसीकरण सकाळी अकराला आणि आई त्या वेळी कामावर, मग बाळाला नेणार कोण? वस्तीत संध्याकाळी सत्रं ठेवायलाच हवीत.

आणि हो, पुरळ असलेलं मूल दवाखान्यात आणताना आधी फोन करा, किंवा दारातूनच सांगा. बाकावर रांगेत बसू नका. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि त्याच बाकावर सहा महिन्यांचं बाळ घेऊन कुणीतरी बसलेलं असतं.