औंढ्याची वेधशाळा आणि आमचे विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की नांदेड व लातूर येथील सुशिक्षित घरांत एकच खल सुरू होतो : वैद्यकीय की अभियांत्रिकी? अशा वेळी एखादी मुलगी वा मुलगा खगोलभौतिकीचे नाव काढतो, आणि वडीलधारी मंडळी गोंधळून जातात. हा पोरवयातील छंद, की आयुष्य वाहून घ्यावे अशी विद्या? या प्रश्नाची थट्टा करण्याचे दिवस आता सरले आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण आकाशाचे शास्त्र आपण होऊन मराठवाड्याच्या दारी येत आहे.

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथानजीक, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारने 2016 च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि 2023 च्या एप्रिलमध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. एकमेकांशी काटकोन करणारे चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू, त्यांत निर्वात नळ्या, आणि नळ्यांतून धावणारे लेसरचे किरण, असे तिचे स्वरूप आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, तर या बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. तो फरक टिपावयाचा, हे या यंत्राचे काम. अमेरिकेतील अशाच दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर टिपली. अशा लहरी गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणिती पद्धती घडविण्यात पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर यांचा मोलाचा वाटा आहे.

जमीन आमची, वेधशाळा आमच्या भूमीवर. मग तिच्यात बसून संशोधन करणार कोण? आमची मुले तेथे केवळ पहारेकरी, वाहनचालक आणि उपाहारगृहातील वाढपी म्हणून दिसणार असतील, तर त्या कामांचा अवमान न करताही आम्ही म्हणू, की मराठवाड्याने मोठी संधी दवडली. आमच्या मुलांच्या बुद्धीविषयी कोणी शंका घेऊ नये. 'लातूर पॅटर्न'ने ती साऱ्या महाराष्ट्रास दाखवून दिली आहे. परंतु त्याच पॅटर्नने आम्हांस एक वाईट खोडही लावली. प्रश्नाचे उत्तर किती सेकंदांत येते, याचाच ध्यास लागला. तो प्रश्न मुळात का पडावा, हे विचारण्यास उसंत उरली नाही. प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले म्हणजे बी.एस्सी., अशी समजूत रूढ झाली. ज्या शास्त्राच्या पायावर वैद्यक व अभियांत्रिकी उभी आहेत, त्याच्याच वाट्याला निराश झालेले विद्यार्थी यावेत, याहून विपरीत ते काय?

यावर उपाय म्हणून उद्या एखादे महाविद्यालय 'बी.एस्सी. खगोलभौतिकी' अशी चकचकीत पाटी लावील. पालकांनी त्या पाटीला भुलू नये. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतली ती भौतिकशास्त्राची. मेघनाद साहांनी अभ्यास केला गणिताचा. जयंत नारळीकर केंब्रिजला शिकले तेही गणितच. ताऱ्यांकडे जाणारी वाट यामिकी, विद्युत्चुंबकी, पुंजभौतिकी आणि कलनशास्त्र यांतूनच जाते. ती टाळून कोणासही पुढे जाता आलेले नाही. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगू : मुख्य विषय भौतिकशास्त्र घ्या, जोडीला गणित पक्के करा, संगणकाची भाषा शिका.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य व गौण विषयांची आणि चौथ्या वर्षी संशोधनाची सोय केली आहे. तिचा उपयोग करून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने खगोलभौतिकी हा भक्कम गौण विषय आखावा. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चारही जिल्हे याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तेव्हा औंढा त्याच्या अंगणातच आहे. अमेरिकेतील यंत्रांची निरीक्षणे आज सर्वांस खुली आहेत. नांदेडचा विद्यार्थी साध्या संगणकावर त्यांतून लहर शोधण्याचा सराव करू शकतो. अशा यंत्रास जमिनीची बारीक थरथरही सोसत नाही. 1993 चा किल्लारीचा प्रलय पाहिलेल्या आणि 2024 साली हिंगोली परिसरातील धक्के अनुभवलेल्या या प्रदेशाला भूकंपमापनाहून जवळचा प्रकल्पविषय कोणता सापडणार? परंतु हे शिकविण्यास माणसे हवीत. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या अल्प मानधनावर विज्ञानाचा गाडा हाकून सरकारने वेधशाळेचा अभिमान मिरवू नये.

राहता राहिला पालकांचा प्रश्न : यात पोट भरते काय? त्यांना खोटी आशा दाखविणे आम्हांस मान्य नाही. पदवी, पदव्युत्तर परीक्षा आणि पीएच.डी. मिळून बारावीनंतर दहा वर्षे सहज जातात, आणि प्रत्येक पायरीवर चुरस असते. जे संशोधक होतील त्यांना मानाची जागा मिळेल. जे होणार नाहीत त्यांच्या हाती गणित, संगणक व सूक्ष्म उपकरणे यांचे ज्ञान राहील, आणि ते विकले जाते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. पण तेथवर पोहोचण्याआधीची पाच-सहा वर्षे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला कशी झेपावीत? या वर्षांसाठी शिष्यवृत्त्या देणे हे मराठवाड्यातील शिक्षणसंस्थांचे आणि धनिकांचे कर्तव्य आहे.

हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने विसाव्या शतकाच्या आरंभी जागतिक तारकासूचीच्या कामात भाग घेतला, तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. पण सामान्य मराठी मुलाला त्या दुर्बिणीपर्यंत वाट नव्हती. ते राज्य परक्याचे होते, असे म्हणून आम्हांस सुटता येत होते. औंढ्याच्या बाबतीत ती सबब चालणार नाही. राज्य आमचे, विद्यापीठ आमचे, आणि मुलेही आमचीच आहेत. वेधशाळेच्या भिंती उभ्या राहण्यास काही वर्षे लागतील. तेवढाच अवधी आज बारावीत असलेल्या मुलास शास्त्रज्ञ होण्यास लागतो. तेव्हा तयारीचा मुहूर्त याच वर्षीचा आहे.