डिकीतला ढोल

भाऊबीजेला इंदापूरला ताईकडे जायचे, हा माझा जुना नेम. यंदा भाचा मोटार घेऊन बारामतीच्या स्टँडवर न्यायला आला. “मामा, आता आवाज ऐका!” एवढेच तो बोलला. पुढचे बोलणे डिकीतल्या दोन सबवूफरांनी केले. माणूस पाठीच्या कण्यानेही ऐकतो, हे मला त्या दिवशी कळले.

काटेवाडी मागे पडली आणि ढोल एकाएकी मुका झाला. भवानीनगरला चहा घेऊन निघालो, तर पुन्हा घुमू लागला. निमगाव केतकीपाशी परत बंद! भाच्याचा चेहरा उतरला. दुकानदाराने त्याला आधीच सांगून ठेवले होते, “ॲम्प्लिफायर गेला, नवा घ्या.” जुन्याचेच हप्ते अजून फिटायचे होते, आणि हप्त्यांची गोष्ट ताईला ठाऊक नव्हती.

माझ्या पिशवीत मल्टिमीटर असतो, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. ओवाळणी झाल्यावर आम्ही डिकी उघडली. ॲम्प्लिफायरच्या बुडाशी छापले होते : ४ ओमपेक्षा कमी भार जोडू नये. वूफरवरही ‘४ ओम’. मग बिघडले कुठे?

स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवल्या. मीटर २०० ओमवर ठेवून आधी त्याची दोन टोके एकमेकांना टेकवली. ०.३ आले. हा मीटरच्याच तारांचा रोध, तो वजा करायचा. मग स्पीकरच्या तारांना टोके लावली : २.०. म्हणजे खरे १.७.

इथे थोडे थांबू. छापलेले ४ ओम म्हणजे इंपीडन्स, बदलत्या विजेला होणारा एकंदर अडथळा. हा शब्द इंग्रज हेविसाइडने १८८६ मध्ये रूढ केला. मल्टिमीटर मात्र बॅटरीच्या एकदिश विजेने मोजतो, म्हणून तो नुसता वेटोळ्याचा रोध दाखवतो. ४ ओमच्या वूफरला ३.२ ते ३.६ आले, तर मालात खोट नसते. खरा इंपीडन्स सुरागणिक बदलतो. ज्या खर्जाला पडदा आपणहून डोलतो, तिथे वेटोळे चुंबकात उलटी वीज उपजवते आणि आकडा तीस-चाळीस ओमांवरही चढतो. हौस असेल त्याने वूफरला १० ओमचा रोधक एकसरीत जोडावा, बारीक आवाजात एकेक सूर वाजवावा आणि दोन्हींवरचे व्होल्ट मोजावेत. रोधकावर १ आणि वूफरवर अर्धा व्होल्ट, तर इंपीडन्स ५ ओम.

आमचे काम १.७ वरच भागले. प्रत्येक वूफर ३.४ चा, पण जोडणाऱ्याने दोन्ही समांतर जोडले होते. ४ ओमचे दोन झाले २ ओम. वीज दुप्पट वाहिली, ॲम्प्लिफायर तापला आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडला. भवानीनगरला चहा आपण प्यालो, निवला तो!

एका वूफरचे धन दुसऱ्याच्या ऋणाला जोडले. मीटर म्हणाले ७.१. भार ८ ओमचा झाला. ढोल आता पूर्वीइतका गर्जत नाही, याची भाच्याला थोडी खंत आहे.

दुसऱ्या दिवशी परतताना ताईही बारामतीपर्यंत आली. गाणे एकदाही थांबले नाही. “आता कुठं शब्द ऐकू येतात,” ती म्हणाली.

नवा ॲम्प्लिफायर टळला. हप्त्यांची गोष्ट ताईला सांगायची राहिली आहे. ते काम भाच्याने मामावर सोपवले आहे.